वीतभर पाण्याचा हिशोब

महाराष्ट्राच्या पठारी भागाला निसर्गाने सरोवरे जवळजवळ दिलीच नाहीत. लोणारसारखा उल्कापातातून घडलेला अपवाद सोडला, तर काळ्या कातळाच्या या प्रदेशात पाण्याचा कल साचण्यापेक्षा वाहून जाण्याकडेच असतो. हिवाळ्यात पाणपक्षी पाहायला लोक ज्या जागी जातात, ती भीमेवरील उजनीच्या फुगवट्यातली भिगवणची दलदल असो, पैठणचा नाथसागर असो की नाशिक जिल्ह्यातले नांदूरमध्यमेश्वर असो, त्या सगळ्या जागा पाटपाण्यासाठी घातलेल्या भिंतींमागे तयार झाल्या आहेत आणि पक्ष्यांसाठी म्हणून त्यांतली एकही बांधलेली नाही. ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते, पण संरक्षणाचा विषय निघाला की ती सोयीस्करपणे विसरली जाते. आणि मग माणसाच्या हस्तक्षेपापासून निसर्गाला वाचवण्याची भाषा अशा ठिकाणीही वापरली जाते, जिथे हस्तक्षेप थांबला तर उन्हाळा यायच्या आत वाचवण्याजोगे पाणीच उरणार नाही.

नांदूरमध्यमेश्वर हे या तिन्हींत सर्वांत जुने. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कडवा या नद्यांच्या संगमाजवळ १९११ च्या सुमारास येथे दगडी बंधारा उभा राहिला. तो वळण बंधारा आहे, म्हणजे पाण्याचा मोठा साठा करण्यासाठी नव्हे, तर नदीची पातळी उचलून पाणी दोन्ही काठांच्या कालव्यांत घालण्यासाठी बांधलेली भिंत. साठ्याचे काम वरच्या धरणांकडे: दारणा १९१६ मध्ये पुरे झाले, गोदावरीवरचे गंगापूर १९६५ मध्ये, आणि पुढे मुकणे, भावली अशी आणखीही झाली. इगतपुरीच्या घाटमाथ्यावर वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तर तेथून शंभर किलोमीटरच्या आत असलेला हा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत कोरडा राहतो. तो फरक भरून काढण्यासाठी घाटाचे पाणी नदीच्या पात्रातून खाली सोडायचे, नांदूरमध्यमेश्वरला अडवायचे आणि कोपरगाव, राहाता, श्रीरामपूरच्या उसाला, तसेच नंतर काढलेल्या जलद कालव्यातून मराठवाड्यातल्या वैजापूर-गंगापूरच्या रानाला पोचवायचे, अशी ही शंभर वर्षांची व्यवस्था आहे. पक्षी तिच्यात आगंतुकासारखे आले आणि राहिले.

ते राहिले याचे श्रेय बंधाऱ्यापेक्षा गाळाला द्यावे लागते. दर पावसाळ्यात गढूळलेली नदी बंधाऱ्यापाशी येऊन मंदावते, आणि वेग गेला की पाण्याने उराशी धरलेली माती खाली बसते. मोठ्या धरणाच्या खोल जलाशयात ही माती तळाला जाते व कित्येक दशके कुणाच्या नजरेस पडत नाही. उथळ बंधाऱ्यामागे मात्र ती लवकरच वर येते, तिची बेटे होतात, बेटांवर बाभळी उभ्या राहतात, बेटांमधल्या खोलगट जागी पाणकणीस, म्हणजे तपकिरी कणसासारख्या तुऱ्याचे उंच पाणगवत, दाटते आणि कडेला चिखलाची सपाट मैदाने पसरतात. पाटबंधाऱ्याच्या कागदावर ही सारी साठवणक्षमतेतली तूट आहे. पाणथळीच्या अभ्यासकाला तीच जागा खुले पाणी, दलदल, गवताळ काठ आणि नदीकाठचे झाडोरे यांची गोधडी वाटते. एका खात्याचा तोटा दुसऱ्या खात्याचे अभयारण्य झाला, असे सरकारी कारभारात क्वचितच घडते, आणि इथल्या बहुतेक पेचांचे मूळ याच योगायोगात आहे.

गाळाने नेमके काय दिले, हे कळायला पक्ष्यांच्या पायांकडे आणि चोचींकडे पाहावे लागते. बदकांचे ढोबळमानाने दोन वर्ग मानतात. चक्रांग, तलवार बदक, थापट्या ही पृष्ठचर बदके. ती बुडी मारत नाहीत, शेपूट वर करून मान पाण्यात खुपसतात आणि मान पोचेल तेवढ्याच खोलीवरचे बी, कंद, किडे खातात, त्यामुळे फूटभराहून खोल पाणी त्यांच्या फारसे उपयोगाचे नसते. लालसरीसारखी डुबी बदके आणि बदक नसूनही बदकांत मिसळणारा, काळ्या अंगाचा व पांढऱ्या कपाळाचा वारकरी यांना त्याहून खोल पाणी लागते, कारण त्यांचे अन्न बुडी मारून आणायचे असते. शेकाट्या आपल्या काडीसारख्या लांब गुलाबी पायांवर वीतभर पाण्यात निर्धास्त चालतो, तर त्याच्या शेजारची तुतारी अंगठ्याएवढ्या खोलीच्या पुढे जात नाही. चमचा हा पांढरा पक्षी आपली पळीसारखी चोच अर्धवट उघडी ठेवून उथळ पाण्यात डावी-उजवीकडे झाडू मारल्यागत फिरवत राहतो, आणि चोचीला काही लागले की ती मिटते. थापट्याचे तंत्र आणखी बारकाईचे आहे: त्याच्या रुंद चोचीच्या कडांना कंगव्यासारखे बारीक दाते असतात, तो पाणी तोंडात घेऊन त्या दात्यांतून बाहेर सोडतो आणि मागे उरलेले सूक्ष्म जीव गिळतो, कधी कधी अनेक थापटे एकामागोमाग गोल फिरत तळ ढवळून काढतात, म्हणजे पुढच्याने उठवलेले मागच्याला मिळते. एकाच तळ्यावर इतके प्रकार भांडणाशिवाय नांदतात ते प्रत्येकाने आपापली खोली वाटून घेतल्यामुळे. त्या खोल्यांपैकी एक नाहीशी झाली, तर तिच्यावर पोट असलेले पक्षी शेजारच्या खोलीत सरकत नाहीत, निघून जातात.

येथे जमिनीचा सपाटपणा निर्णायक ठरतो. गाळाच्या मैदानाचा उतार हजारास एक धरला, तर पाण्याची पातळी वीतभर, म्हणजे वीसेक सेंटिमीटर, उतरताच काठ दोनशे मीटर आत सरकतो. आणि तेवढीच चढली तर दोनशे मीटर रुंदीचा, किडामुंगीने भरलेला ओला चिखल दिसेनासा होतो. पाटबंधारे खाते पाणी दशलक्ष घनफुटांत मोजते, पक्षी ते सेंटिमीटरांत मोजतात. कालव्याच्या हिशोबात ज्या फरकाची नोंदही होणार नाही, तो फरक शेकाट्या आणि तुतारी यांच्या दृष्टीने जागा असण्या-नसण्याचा असतो. पाणी हळूहळू उतरत राहिले तर रोज ताज्या चिखलाची नवी पट्टी उघडी पडते आणि पाणचर पक्षी तिच्या मागोमाग सरकत जातात. हे उतरणे डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत रेंगाळले, तर त्याहून चांगली मेजवानी कोणतेही अभयारण्य देऊ शकणार नाही.

प्रत्यक्षात पाणी आवर्तनाने चालते. आवर्तन म्हणजे धरणातून ठरावीक दिवस पाणी सोडण्याची पाळी. रब्बीची वेगळी, उन्हाळ्याची वेगळी. पाळी सुरू झाली की बंधाऱ्यामागचे पाणी चढते, कालवे बंद झाले की बदलते. त्यात आणखी एका सोडण्याची भर पडली आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या सप्टेंबर २०१४ च्या आदेशानुसार १५ ऑक्टोबरला पैठणच्या जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या धरणांनी खाली पाणी द्यायचे असते. समन्यायी वाटपाचे हे सूत्र मराठवाड्याच्या दृष्टीने न्याय्यच आहे, आणि त्यावरून नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा हा वाद न्यायालयांपर्यंत कितीदा गेला हे वृत्तपत्र वाचणाऱ्या कोणालाही सांगायला नको. परंतु २०१५, २०१८, २०२३ अशा वर्षांत नाशिकच्या धरणांतून हे पाणी निघाले ते नोव्हेंबरात, आणि गोदेतून पैठणला जाणारा त्याचा रस्ता याच बंधाऱ्यावरून आहे. निफाडच्या थंडीच्या बातम्या येऊ लागण्याचा, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातल्या तापमानाचा आकडा पहिल्या पानावर छापला जाण्याचा आणि द्राक्षबागायतदारांनी पहाटे बागांत शेकोट्या पेटवण्याचा जो हंगाम, तोच मध्य आशिया, तिबेट आणि लडाखकडून आलेल्या पक्ष्यांचा जागा धरण्याचा हंगाम असतो. दोन शेतकरी समाजांतल्या या भांडणात तिसरा पक्ष कोणी आहे, हे कोणत्याही बाजूच्या युक्तिवादात ऐकू येत नाही.

उन्हाळी आवर्तनाचा प्रश्न वेगळा आणि अधिक नाजूक आहे. नदी सुरय, आर्ली, टिटवी यांसारखे पक्षी मार्च ते मे या काळात उघड्या वाळूवर किंवा वाळलेल्या गाळावर, घरटे म्हणावे असे काही न करता, जुजबी खळग्यात अंडी घालतात. अंड्यांचा रंग मातीत मिसळून जातो, हेच त्यांचे संरक्षण. बेटाभोवती पाणी असेल तर कुत्री आणि कोल्हे तिथवर येत नाहीत; पाणी एकाएकी आटले तर येतात, आणि एकाएकी चढले तर अंडी वाहून जातात. हिवाळी पाहुण्यांची छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी तोवर ओसरलेली असते, त्यामुळे हे नुकसान बहुधा कोणी पाहतही नाही.

कायद्याने या जागेला काही कमी दिलेले नाही. १९८६ मध्ये सुमारे १०० चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले आणि जानेवारी २०२० मध्ये नांदूरमध्यमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ झाल्याची घोषणा झाली. रामसर करार म्हणजे इराणमधील त्या नावाच्या शहरात २ फेब्रुवारी १९७१ रोजी झालेला पाणथळ जागांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार. भारत त्यात १९८२ मध्ये सामील झाला. त्याची व्याख्या उदार आहे: नैसर्गिक असो वा मानवनिर्मित, कायमची असो वा हंगामी, वाहती असो वा साचलेली, प्रत्येक ओली जागा तिच्यात बसते. भारताचे २०१७ चे पाणथळ नियम मात्र सिंचनासाठी खास बांधलेले जलाशय व्याख्येतूनच वगळतात. रामसर स्थळांना ते नियम लागू आहेत खरे, पण त्याच नियमांत पुढे असे म्हटले आहे की वन्यजीव कायद्याखाली येणाऱ्या क्षेत्रातल्या पाणथळींना ते लागू नाहीत. म्हणजे नांदूरमध्यमेश्वरला पाणथळ म्हणून आंतरराष्ट्रीय मान आहे आणि अभयारण्य म्हणून देशी कायद्याचे कवच आहे, परंतु पाण्याच्या पातळीवर अधिकार सांगणारी तरतूद या दोहोंपैकी कोणत्याच बाजूला सापडत नाही. जमीन महसूल खात्याची व शेतकऱ्यांची, पक्षी वन खात्याचे, पाणी जलसंपदा विभागाचे, अशी ही विभागणी आहे, आणि रामसर क्षेत्राचे १,४३७ हेक्टर अभयारण्याच्या जेमतेम सातव्या हिश्शाएवढे आहेत. रामसरच्या नोंदीत येथील ५३६ प्रजातींचा उल्लेख आहे. त्यांत गिधाडे आहेत, चंदन आहे, बिबट्या आहे आणि देवळालीच्या नावाने ओळखला जाणारा, नष्ट होण्याच्या कड्यावर असलेला एक चिमुकला मासाही आहे, ज्याच्यासाठी आजवर कोणी दुर्बीण घेऊन आलेले नाही.

डॉ. सलीम अली यांनी या जागेला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटल्याचे सांगितले जाते, आणि पर्यटनाच्या फलकांवर ते वाक्य कौतुक म्हणून मिरवले जाते. भरतपूरचा पुढचा इतिहास पाहिला तर त्यात इशाराही दडलेला आहे. राजस्थानातले केवलादेव हेही माणसाने बांध घालून भरवलेले, अजान बंधाऱ्याच्या पाण्यावर जगणारे पाणथळ. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये तेथील चराई बंद करण्यात आली, तिला विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार होऊन माणसे मेली, आणि म्हशी गेल्यावर जे घडले ते कोणाच्याच मनात नव्हते: पॅस्पालम नावाचे पाणगवत मोकाट वाढले, उघडे पाणी झाकले गेले आणि बदकांना उतरायला जागा राहिली नाही. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या, स्वतः सलीम अलींच्याच प्रेरणेने झालेल्या, दीर्घ अभ्यासाने अखेर असा निष्कर्ष काढला की म्हशी या पाणथळीच्या शत्रू नव्हत्या, तिची निगा राखणाऱ्या होत्या. पुढे पांचना धरणाचे पाणी वरच्या शेतकऱ्यांनी अडवले तेव्हा उद्यान कोरडे पडले. सायबेरियन क्रौंच तेथे शेवटचे दिसले ते २००२ मध्ये. कुंपण, पहारा, जागतिक वारशाची पाटी, सगळे जागच्या जागी असताना हे झाले. नांदूरमध्यमेश्वरला भरतपूरशी तोलायचे असेल, तर ही तुलना शेवटपर्यंत न्यावी हे बरे.

कारण गवताचा प्रश्न येथेही आहे, फक्त गवत वेगळे आहे. पाणथळ जागा स्वतःहून पाणथळ राहत नाही; गाळ चढतो, गाळावर पाणकणीस येते, त्याच्या कुजलेल्या पानांनी तळ आणखी उंचावतो, मग बेशरम आणि बाभूळ येते आणि काही दशकांत पाण्याची जमीन होते. या क्रमाने होणाऱ्या बदलाला शास्त्रात अनुक्रमण म्हणतात. नदीला मोठे पूर येतात तेव्हा ते हा क्रम मागे ढकलतात, मधल्या काळात तो पुढेच जात राहतो. त्याला वेग देण्याचे काम नाशिक शहर करते. शहराच्या सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद गोदावरीत उतरते, त्यावर नाशिककर जिला पाणवेली म्हणतात ती जलपर्णी पोसली जाते आणि पुराबरोबर वाहत येऊन फुगवट्यात अडकते. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या जांभळ्या फुलांच्या वनस्पतीचा थर पाण्यावर दाटला की खाली उजेड पोचत नाही, प्राणवायू घटतो, मासे कमी होतात. आणि तिचे बी गाळात वर्षानुवर्षे जिवंत राहत असल्याने एकदा उपसून काम भागत नाही. सांडपाण्यावरची प्रक्रिया सोडून पाणवेली काढण्याच्या यंत्रांवर खर्च करत राहणे हे फरशी पुसताना नळ चालू ठेवण्यापैकी आहे. पाणकणसाला मात्र सरसकट शत्रू मानता येत नाही. जांभळी पाणकोंबडी त्याचे कोवळे गाभे सोलून पंजात धरून खाते आणि त्याच्याच आडोशाला घरटे करते. कमळपक्ष्याचा नर तरंगत्या पानांवर, आपल्या अतिलांब बोटांनी भार वाटून घेत, मादीने टाकलेली अंडी एकटा उबवतो. किती पाणकणीस ठेवायचे आणि किती कापायचे, हा हिशोब दरवर्षी नव्याने मांडावा लागतो. त्याचप्रमाणे गाळ काढा, अशी जी मागणी वरचेवर होते, तिला होकार किंवा नकार यांपैकी एकच उत्तर देता येत नाही. बंधाऱ्याजवळचा खोल भाग मोकळा केल्याने डुबी बदकांना व सिंचनालाही लाभ होईल, पण तोच पोकलेन कडेच्या चिखलमैदानांत घातला तर ज्यासाठी रामसरचा मान मिळाला तेच मालमोटारींतून शेतांत जाईल.

यश कशाने मोजायचे, याबद्दलही थोडा संयम हवा. दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते. १९८७ पासून चालत आलेल्या या उपक्रमात एकाच काळात शेकडो पाणथळींवर स्वयंसेवक व वनकर्मचारी पक्षी मोजतात, आणि नांदूरमध्यमेश्वरचा आकडाही वृत्तपत्रांत येतो. आकडा वाढला की आनंद आणि घटला की हळहळ, असा प्रघात पडला आहे. पण उत्तम पावसाच्या वर्षी गावोगावची तळी आणि बंधारे भरलेले असतात, पक्षी पांगतात आणि मोठ्या पाणथळीवरचा आकडा उतरतो. दुष्काळात सगळीकडचे पाणी आटल्याने ते उरलेल्या एका जागी गोळा होतात आणि आकडा फुगतो. दुष्काळातली गर्दी ही समृद्धी नव्हे. एका वर्षाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढण्यापेक्षा त्याच दिवशीची पाण्याची पातळी, जलपर्णीचे क्षेत्र आणि आसपासच्या तळ्यांची स्थिती गणनेच्या तक्त्यात शेजारी लिहिली गेली, तर दहा वर्षांनी त्या तक्त्याला खरी किंमत येईल.

काठच्या गावांचा विचार केल्याशिवाय यातले काहीच तडीस जाणार नाही. पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीवर घेतल्या जाणाऱ्या पिकाला गाळपेर म्हणतात. ही जमीन सुपीक असते, फुकटचा ओलावा असतो, आणि ज्या आठवड्यांत ती शेतकऱ्याला हवी असते त्याच आठवड्यांत ती पक्ष्यांनाही हवी असते. क्रौंच आणि पट्टकदंब हंस हरभऱ्याच्या व गव्हाच्या रानात उतरतात. द्राक्षावर होणाऱ्या फवारण्यांचे अंश पावसाबरोबर ओढ्यांतून फुगवट्यात येतात. अभयारण्याच्या हद्दीत खाजगी शेते आल्याने जमिनीवर निर्बंध पडतील ही भीती १९८६ पासून या गावांच्या मनात आहे, आणि ती निराधार म्हणून झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. दुसऱ्या बाजूने, चापडगावच्या तरुणांनी पक्षी ओळखण्याचे शिक्षण घेऊन वाटाड्यांचे काम पत्करले आहे आणि हिवाळ्याच्या काही महिन्यांत त्यातून कमाई होते. ही कमाई मूठभरांची आहे. गाळपेर उशिरा घेणाऱ्याला किंवा हरभऱ्याचा एक तुकडा पक्ष्यांना सोडणाऱ्याला मोबदला मिळण्याची रीत बसली, तर पक्ष्यांचे हित आणि गावाचे हित एकाच वहीत लिहिता येईल.

पाणथळीचे भवितव्य जिथे ठरते ती जागा निरीक्षण मनोऱ्यापासून बरीच दूर आहे. पावसाळा संपल्यावर पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली कालवा सल्लागार समितीची बैठक होते, धरणांतला साठा मांडला जातो, पिण्याचे, उद्योगाचे, शेतीचे पाणी वेगळे काढले जाते आणि रब्बी व उन्हाळ्याची आवर्तने किती व कधी हे ठरते. पक्ष्यांना या वाटपात जादा पाणी लागत नाही, कारण ते पाणी संपवत नाहीत, त्यात उभे राहतात. हवे आहे ते इतकेच की ठरलेले पाणी बंधाऱ्यातून जाताना फुगवट्याची पातळी एका दिवसात किती चढावी-उतरावी यावर एक मर्यादा असावी, एप्रिल-मेमध्ये बेटे बुडणार नाहीत अशी पातळी आधी मोजून ठेवलेली असावी, आणि आवर्तनाच्या तारखा वन खात्याला वृत्तपत्रातून कळण्याऐवजी त्या ठरताना त्याचा अधिकारी बैठकीत बसलेला असावा. त्यासाठी नवा कायदा करावा लागत नाही. विषयपत्रिकेत एक कलम वाढवावे लागते, आणि फुगवट्यात सेंटिमीटरच्या खुणा असलेली एक पट्टी रोवून तिची रोजची नोंद दोन्ही खात्यांनी ठेवावी लागते.